दुरुस्तीनंतरचा दोष

नीतिशास्त्राच्या ग्रंथांत ज्यांची चर्चा सहसा आढळत नाही, परंतु प्रपंचात जे पावलोपावली आडवे येतात, असे काही प्रश्न आहेत. प्राणसंकट ओढवले असता असत्य बोलणे क्षम्य आहे की नाही, यावर पंडितांनी पुष्कळ ऊहापोह केला आहे. पण तसा प्रसंग आपणांपैकी किती जणांवर येतो? उलट, दुरुस्तीसाठी दिलेली वस्तू घरी परत आल्यावर पूर्वी नसलेला दोष तिच्यात दिसू लागला, हा अनुभव नसलेले कुटुंब शोधूनही सापडावयाचे नाही. घड्याळ, शिवणयंत्र, विहिरीवरचा पंप, प्रसंगी स्वतःचा दातसुद्धा आपण विश्वासाने दुसऱ्याच्या हाती देतो. आणि करायला गेलो गणपती अन् झाला मारुती, अशी गत होते. त्या वेळी जो वाद माजतो त्यात राग पुष्कळ असतो, पण विचार फारच थोडा असतो. अशा दोषाचे उत्तर कोणी द्यावयाचे, हा प्रश्न मला दिसतो तितका क्षुल्लक वाटत नाही. आणि तो ज्या प्रसंगाने माझ्यापुढे आला, तो येथे सांगितल्यावाचून त्याचे स्वरूप नीट ध्यानात येणार नाही.

वर्धा जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यात, नागपूर-अमरावती महामार्गावर, तळेगाव (श्यामजी पंत) हे गाव आहे. आर्वीकडे आणि आष्टीकडे जाणारे रस्ते येथे महामार्गास मिळतात, त्यामुळे गावाच्या मानाने वर्दळ बरीच. आसपास संत्र्यांचे बगीचे आहेत, कपाशी आहे, तूर आहे; आणि महामार्गावर लहानमोठी हॉटेले आहेत. अशा मुलखात मोटारसायकल ही चैनीची वस्तू राहिलेली नाही. पूर्वी बैलजोडीला जे स्थान होते, त्यातले निम्मे तरी तिने घेतले आहे. दुधाचे कॅन, खताची पोती, फवारणीचा पंप, तापाने फणफणलेले पोर, हे सर्व तिच्यावरूनच जाते. शहरातल्या माणसाची गाडी बंद पडली तर तो रिक्षा करतो व चार माणसांस आपली कर्मकथा ऐकवितो. तळेगावच्या माणसाची गाडी बंद पडली तर त्या दिवसाची मिळकतच बंद पडते.

माझा एक जुना विद्यार्थी तळेगावी राहतो. पदवीधर आहे, नोकरी मिळाली नाही म्हणून रडत बसला नाही. चार म्हशी पाळल्या, आणि पहाटे महामार्गावरच्या हॉटेलांना दूध घालण्याचा धंदा धरला. त्याची मोटारसायकल सहा वर्षांची, सुस्थितीत होती. इंजिनाच्या माथ्यातून बारीक टकटक येत असे, तेवढी सोडली तर तक्रार नव्हती. नेमाप्रमाणे सर्व्हिसिंगची वेळ आली तेव्हा त्याने ती एका मोठ्या गावातल्या कंपनीच्या अधिकृत विक्रेत्याकडे नेऊन दिली आणि जाता जाता त्या आवाजाचाही उल्लेख केला. सायंकाळी गाडी धुऊन पुसून मिळाली. आवाज पार गेला होता. पठ्ठ्या खूष झाला.

तिसऱ्या दिवशी सत्याग्रही घाटाचा चढ चढताना गाडीचा दम तुटू लागला. हॉटेलासमोर उभी करून कॅन उतरवावा तोवर इंजिन पुन्हा सुरू होण्याचे नाव घेईना. अर्धा तास निवल्यावर मात्र सुरू झाले. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. गाडी घेऊन तो विक्रेत्याकडे गेला. तेथे त्यास चार उत्तरे मिळाली: पेट्रोल खराब असेल, तुम्ही ओझे फार नेता, गाडी आता जुनी झाली, आणि सरतेशेवटी, आमच्याकडून गेली तेव्हा ती ठीक होती, हे पाहा, घेऊन जाताना तुम्ही सही केली आहे. इंजिनाचे झाकण मात्र कोणी उघडले नाही. या घोळात पाच दिवस गेले, आणि एका हॉटेलवाल्याने दूध दुसऱ्याकडून घेण्यास आरंभ केला. तो अद्याप परत आलेला नाही.

आता या दोषाचे शरीर थोडे समजून घेतले पाहिजे. यंत्रशास्त्र माझा विषय नव्हे, पण एवढे कोणासही समजेल. इंजिनाच्या माथ्यावर झडपा असतात. एकीतून हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण आत येते, दुसरीतून जळलेला वायू बाहेर जातो. झडपेचे टोक आणि तिला दाबणारा दांडा यांच्यामध्ये केसाएवढी फट मुद्दाम ठेवावी लागते. लहान मोटारसायकलीत ती मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास असते. धातू तापला की वाढतो, आणि झडपेच्या दांडीस वाढावयास जागा हवी, यासाठी ही फट. कारागीर तिला टॅपेटची फट म्हणतात, आणि ती इंजिन पूर्ण थंड असताना मोजावयाची असते. फट वाढली तर टकटक होते. फट नाहीशी झाली तर आवाज जातो. परंतु तापलेली झडप पुरती मिटत नाही, दाब गळतो, चढावर शक्ती पुरत नाही, गरम इंजिन बंद केले की पुन्हा सुरू होत नाही, आणि असेच महिनोन् महिने चालविले तर झडप जळते. म्हणजे त्या बारीक आवाजात पुष्कळसे आरोग्यच होते. आणि ज्या शांततेने माझा विद्यार्थी खूष झाला, ती शांतता रोगाची असू शकत होती.

तळेगावातच रस्त्याच्या कडेला टिनाच्या छपराखाली एक वयस्क मेकॅनिक बसतो. त्याने गाडी रात्रभर ठेवून घेतली, सकाळी थंड इंजिनाचे झाकण काढले आणि फटीत मोजपट्टी घालून पाहिली. ती शिरेचना. त्याने फट नीट केली. आवाज थोडासा परत आला आणि शक्तीही परत आली. साहजिकच माझ्या विद्यार्थ्याने विचारले, "म्हणजे शोरूमवाल्यांनीच घट्ट करून ठेवले ना?" त्यावर तो म्हणाला, "आवाज होता म्हन्ता, त फट असन. पन मी पाह्यली नोती. मी आज झाकन खोललं. त्याच्या आंधीचं मी कसं सांगू?"

हे उत्तर ऐकल्यापासून मी पुष्कळ दिवस त्याचा विचार करीत आहे. तर्कशास्त्र शिकविण्यात माझी तीस वर्षे गेली. परंतु कारण आणि पूर्ववर्ती यांतला भेद इतक्या थोड्या शब्दांत सांगितलेला माझ्या ऐकण्यात नाही. कावळा बसावयास आणि फांदी मोडावयास एकच गाठ पडली, एवढ्याने कावळ्याने फांदी मोडली असे होत नाही. आपल्याकडे यास काकतालीय न्याय म्हणतात. नैयायिकांनी याहून बारकाईने विचार केला आहे. कार्याच्या पूर्वी नियमाने असणारे, आणि शिवाय अन्यथासिद्ध नसलेले, तेच कारण. घडा तयार होण्यापूर्वी कुंभाराच्या घरी माती वाहणारे गाढवही असते, पण गाढव घड्याचे कारण नव्हे. हा दृष्टांत न्यायाच्या विद्यार्थ्यांत प्रसिद्धच आहे. गाडी दुरुस्तीस दिल्यानंतर ज्यांचा तोल जातो ते लोक या गाढवासच घड्याचा कर्ता ठरवून मोकळे होतात. सर्व्हिसिंगनंतर आठ दिवसांनी टायर पंक्चर झाले तरी विक्रेत्यास शिव्या देणारे महाभाग मी पाहिले आहेत.

परंतु येथे एक गोष्ट विसरता कामा नये. विक्रेत्याची चार उत्तरे हीही त्याच जातीची होती. पेट्रोल खराब असेल, हे म्हणणे काही झाकण उघडून काढलेले अनुमान नव्हते. २०२५ पासून देशभर पेट्रोलात वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले येते, हे खरे. पण त्याच पंपावर भरलेल्या गावातल्या इतर गाड्या तोच घाट निमूटपणे चढत होत्या. व्यतिरेकाची इतकी सोपी परीक्षा ज्याने केली नाही, त्याने कारणाचे नाव घेण्याचा अधिकार सांगू नये. 'ठीक होती' यातही अर्थ नव्हता, कारण अंगणात दोन फेऱ्या मारून झालेली परीक्षा घाटाच्या चढास कशी लागू पडावी? आणि सहीबद्दल तर बोलावयासच नको. गिऱ्हाईक सही करते ते धुतलेली गाडी पाहून; झाकणाखालच्या केसाएवढ्या फटीवर ते सही करू शकत नाही.

तेव्हा गिऱ्हाईक 'तुम्हीच केले' म्हणते, विक्रेता 'आम्ही केले नाही' म्हणतो, आणि दोघांपाशीही ज्ञान नाही. अशा स्थितीत बरोबरी झाली, असे म्हणून पंचाने उठून जावे काय? पुष्कळ सुशिक्षित माणसे असेच म्हणतात. दोष सिद्ध झाला नाही, तर जबाबदारीही नाही, असा त्यांचा हिशेब. मला हा हिशेब चुकीचा वाटतो. दोषी कोण हा एक प्रश्न आहे आणि शोध कोणी घ्यावा हा दुसरा. पहिल्याचे उत्तर मिळेपर्यंत दुसरा थांबत नाही. किंबहुना दुसऱ्याचे उत्तर आधी दिल्यावाचून पहिल्याचे उत्तर मिळणेच अशक्य असते. ज्याने झाकण उघडले, ज्याच्याजवळ हत्यारे आहेत, आत काय केले हे ज्यास ठाऊक आहे किंवा ठाऊक असावयास हवे, त्याने आधी पाहिले पाहिजे. तो अपराधी आहे म्हणून नव्हे. पाहू शकणारा तोच आहे म्हणून.

इंग्रजी कायद्यात याला जवळचा एक खटला आहे. १८६३ साली त्याचा निकाल झाला. लिव्हरपूल शहरात रस्त्याने जाणाऱ्या एका गृहस्थाच्या अंगावर वखारीच्या खिडकीतून पिठाचे पिंप पडले. पिंप कोणाच्या हातून, कशामुळे सुटले, हे त्या बिचाऱ्यास सांगता येईना. न्यायाधीशांनी म्हटले की, ते त्याने सांगण्याची गरजच नाही. पिंप वखारवाल्याच्या ताब्यात होते, तेव्हा खुलासा त्याने करावा. मोटारसायकलीस हा न्याय जसाच्या तसा लावता येत नाही, हे मी जाणून आहे. पिंप थेट ताब्यातून पडले. गाडी मात्र ताबा सुटल्यावर तीन दिवस दुसऱ्याच्या हाती होती. जितके दिवस अधिक, जितके मैल अधिक, तितके हे अनुमान दुबळे होत जाणार. तीन दिवसांनी आलेल्यास झाकण उघडून दाखविणे कर्तव्य. तीन महिन्यांनी आलेल्यास कदाचित् केवळ सौजन्य. ही रेघ नेमकी कोठे ओढावी, ते दोषाच्या जातीवरून ठरेल, आणि त्याबाबत शहाणी माणसेही भांडतील.

आपल्याकडे १९८६ साली ग्राहक संरक्षणाचा कायदा झाला, आणि त्याच्या जागी २०१९ साली नवा आला. सेवेतील त्रुटीच्या व्याख्येत नव्या कायद्याने, ग्राहकापासून संबद्ध माहिती जाणूनबुजून दडवून ठेवणे, हेही घातले आहे. कायद्याची ही दृष्टी मला रास्त वाटते. मात्र चार म्हशींच्या धन्याने पहाटेचे दूध सोडून आयोगाच्या तारखांना जावे, अशी अपेक्षा करणे म्हणजे भीक नको पण कुत्रे आवर म्हणावयास लावणेच होय.

दुरुस्तीनंतर येणाऱ्या दोषाचा संशय दुरुस्तीवर घ्यावा, याला निव्वळ चिडीपलीकडे काही आधार आहे काय? आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांच्या कोस्टल कमांडची विमाने दर पन्नास तासांच्या उड्डाणानंतर नेमाने तपासली जात. वॅडिंग्टन नावाचे एक जीवशास्त्रज्ञ त्या वेळी या कामाचे आकडे पाहत होते. अनपेक्षित बिघाड तपासणीच्या लगेच नंतर सर्वांत अधिक होतात, आणि पुढची तपासणी जवळ येईतो ते कमी कमी होत जातात, असे त्यांस आढळले. अपेक्षा नेमकी उलटी होती. त्यांचा ग्रंथ १९७३ साली प्रसिद्ध झाला. नीट बसलेली वस्तू हलविली की ती पुन्हा तशीच बसेल याची हमी नसते. एअर फिल्टर तिरका बसतो, प्लगची टोपी सैल राहते, ऑइल खुणेच्या वर जाते. यावरून कोणी चालत्या गाड्यास खीळ घालूच नये, म्हणजे सर्व्हिसिंगच करू नये, असा निष्कर्ष काढील तर तो फसेल. जुने ऑइल काही आपोआप नवे होत नाही. युद्धातील त्या लोकांनीही तपासणी बंद केली नाही. कशास हात लावावा आणि किती दिवसांनी लावावा, याचा विचार त्यांनी नव्याने केला.

जुन्या काळी हे असे नव्हते, असा सूर येथे कोणी लावील. गाड्याच्या चाकाला धाव चढविणारा लोहार आणि आरे बसविणारा सुतार गावातच राहत, आणि त्यांचे बलुते सुगीनंतर खळ्यावर मिळे. म्हणजे चाक हंगामभर चालून कसाला उतरल्यावर मोबदला. आज किल्ली हातात पडण्यापूर्वी बिल चुकते करावे लागते. या फरकात काही तथ्य आहे, हे मी मान्य करतो. ज्याचे दार रोज ओलांडावयाचे त्याला खोटे उत्तर देणे जड जाते. परंतु त्र्यं. ना. आत्रे यांचे 'गावगाडा' हे पुस्तक १९१५ सालचे; त्यात बलुतेदारीचे गोडवे गायलेले नाहीत, हे ज्यांनी ते वाचले असेल त्यांना सांगावयास नको. तेथे कारागीर जन्माने बांधलेला होता, आणि शेतकऱ्यास दुसऱ्या सुताराकडे जाण्याची सोय नव्हती. मला ती व्यवस्था परत नको आहे.

खरी अडचण मला निराळीच दिसते. ज्याच्या हातून त्या गाडीची फट आवळली गेली असेल, असे क्षणभर धरून चालू, तो मुलगा वीस-बावीस वर्षांचा असेल. दिवसाकाठी ठरलेल्या गाड्या त्याने उरकावयाच्या. इंजिन निवेपर्यंत थांबावयाचे तर एका गाडीपाठी काही तास जाणार. तेवढा वेळ त्याला कोण देणार? आणि कागदावर लिहिलेले असते, 'आवाज येतो'. आवाज घालविला की गिऱ्हाईक खूष, सल्लागार खूष, मालक खूष. उद्या त्याने येऊन 'माझ्या हातून जरा जास्त आवळले गेले' असे सांगितले तर त्याच्या पगारातून पैसे कापले जातील, किंवा तो घरी बसेल. ज्या ठिकाणी खरे बोलण्याची किंमत महिन्याची भाकरी असते, त्या ठिकाणी खरे बोलले जात नाही याचे नवल करण्यात काय हशील? विक्रेत्यांचे रागीट गिऱ्हाईक हे ध्यानात घेत नाही. ते 'त्या पोराला काढून टाका' म्हणून मोकळे होते. पोरगा जातो. रीत तीच राहते.

१९९० सालच्या १० जूनला बर्मिंगहॅमहून मालागाकडे निघालेल्या एका ब्रिटिश विमानाची पुढची काच आकाशात निखळली, आणि वैमानिक कमरेपर्यंत बाहेर ओढला गेला. सहकाऱ्यांनी त्याचे पाय धरून ठेवले व विमान सुखरूप उतरविले, वैमानिकही वाचला. ती काच सत्तावीस तासांपूर्वीच नवी बसविली होती. नव्वद बोल्टांपैकी चौऱ्यांशी बोल्ट किंचित् बारीक व्यासाचे होते, आणि उरलेले आखूड. बसविणाऱ्याने रात्रपाळीत, काढलेला जुना बोल्ट नमुन्यास धरून, नजरेने जुळवून नवे निवडले होते. आणि तो जुना बोल्टसुद्धा ठरलेल्या जातीचा नव्हता. चौकशी करणाऱ्यांनी त्या माणसास निर्दोष म्हटले नाही. पण त्याच्या नावापाशी ते थांबलेही नाहीत. बोल्ट कोठून आले, उजेड किती होता, दुसऱ्या कोणी काम तपासावे असा नियम होता की नाही, हे त्यांनी एकेक करून पाहिले. तसा नियम नव्हता. हे सर्व कळले ते नव्वद बोल्ट आणि त्यांचे आकडे समोर होते म्हणून.

मोटारसायकल म्हणजे विमान नव्हे, हे मला कोणी सांगावयास नको. पण माझ्या विद्यार्थ्यापाशी असलेले विक्रेत्याचे जॉब कार्ड मी मागून घेऊन पाहिले, तेव्हा हीच गोष्ट मनात आली. त्यावर गाडी धुतल्याची खूण आहे, ऑइलची किंमत आहे, गिऱ्हाईकाच्या सहीला दोन जागा आहेत. 'टॅपेट' या शब्दापुढे बरोबरची एक खूण आहे. झाकण उघडले तेव्हा फट किती होती, किती ठेवली, इंजिन गरम होते की थंड, आणि काम कोणी केले, यांस जागाच नाही. दोन आकडे तेथे लिहिलेले असते, तर मेकॅनिकचे उत्तर निराळे आले असते. कदाचित् विक्रेता निर्दोषही ठरला असता, आणि आज त्यास तसे सिद्ध करण्याचा मार्ग उरलेला नाही. दोष झाकला गेला असेल तर त्याबरोबर निर्दोषपणाही झाकला गेला आहे.

पुढची सर्व्हिसिंग कोठे करावी, असे माझ्या विद्यार्थ्याने मला विचारले. टिनाच्या छपराखालच्या मेकॅनिकनेच त्याला सांगितले होते की, सुटे भाग कंपनीचेच घ्यावे, आणि त्यासाठी तेथे जाणे बरे. तेव्हा तेथेच जावे, असे मीही म्हणालो. फक्त गाडी आदल्या सायंकाळी नेऊन ठेवावी, सकाळी इंजिन थंड असताना झाकण उघडावयास सांगावे, आणि ज्याने उघडले त्याच्याच हातचे दोन आकडे कागदावर मागावे. तो मुलगा लिहून देईल काय, आणि मालक त्यास लिहू देईल काय, हे दिवाळीनंतर कळेल.